परांची

पुई-शान विचारते, बाबा, यातली तुमची कुठली?
कोवलूनच्या धक्क्यावर आम्ही दोघं,
समोर पाण्यापलीकडे अख्खं शहर दिवे लावून उभं.
मी म्हणतो, चहा निवतोय.

एकाहत्तर साल. मी सोळाचा.
मोक मास्तरांनी बेळांची जुडी हातात दिली,
म्हणाले, गाठ बोटांना येते, डोक्याला नाही.
तेव्हा पलीकडचा डोंगर सबंध दिसायचा,
माथ्यापासून थेट गोद्यांच्या पत्र्यांपर्यंत,
आणि इमारती त्याच्या पायाशी
टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या बायकांसारख्या.

मग ती गोल खिडक्यांची आली, बावन्न मजल्यांची.
लोक म्हणाले, झालं, आता याच्यावर काय?
याच्यावर बरंच काही होतं.
डोंगर आधी कमरेपर्यंत गेला,
मग खांद्यापर्यंत,
मग भिजलेल्या कुत्र्यासारखा
दोन भिंतींच्या फटीतून बघत राहिला.

आमचं काम इमारतीच्या आधी वर जायचं
आणि ती पुरी झाली की नसायचं.
माथ्यापासून गाठी कापत खाली येतो,
एकेक बांबू खालच्या हातात सोपवत.
शेवटचा माणूस शेवटचा बांबू खांद्यावर टाकून
फुटपाथनं चालू लागतो,
आणि काचेत पहिल्यांदा कुणी दिसतं
तो तोच असतो, पाठमोरा.

सुरीच्या पात्यासारखी ती बँकेची उभी राहिली
तेव्हा घरोघरी खिडकीत आरसे लागले,
तिची धार परतवायला.
फुंग-लाननंही टांगला, अष्टकोनी, पाच डॉलरचा.
त्याच वर्षी लोक-साम एकोणिसाव्या मजल्यावरून गेला.
पण ती इमारत दुसरीच होती,
पिवळट टाइलांची, मामुली.
तिच्याकडे कुणी आरसा धरला नव्हता.

आमच्या बाजूची उंची विमानं ठरवायची.
वाळत घातलेल्या चादरींवरून इतकी खाली यायची
की चाकांवरचा चिखल ओला की वाळलेला ते कळे.
शिंप्यानं खडूची रेघ ओढून कापावं
तशी सगळी कोवलून एका मापाची.
अठ्ठ्याण्णवच्या जुलैत शेवटचं विमान गेलं.
त्या रात्री इतकं शांत झालं
की फुंग-लान दचकून उठून बसली.
पुढच्या वर्षापासून आमची बाजूही मान वर करू लागली
आणि मला पंधरा वर्षं पाठ टेकायला फुरसत मिळाली नाही.

समुद्रसुद्धा मागे सरला.
ज्या पायरीवर मी मासे गळाला लावले
तिथून पाणी आता चारशे पावलांवर,
मध्ये एक मॉल, एक कारंजं,
आणि बसू नका असं लिहिलेला कठडा.

पुई-शान विम्याच्या कंपनीत आहे, बत्तिसाव्या मजल्यावर.
तिची खिडकी उघडत नाही.
एकदा तिला भेटायला गेलो तर काचेला हात लावून पाहिला.
या उंचीवर मला वारा आठवतो,
आणि तिथं नुसती थंड हवा, छतातून येणारी,
कॉफीचा वास असलेली.

सांगा ना, ती पुन्हा म्हणते, निदान एक तरी दाखवा.
मी बोट उचलतो आणि ते कुठं न्यावं कळत नाही.
ती फट दिसते? त्या दोघींच्या मधली, काळी?
तिथं डोंगर आहे.
तिला वाटतं मी विषय बदलतोय.
बदलतच असतो.

म्हणे आता लोखंडाची परांची येणार, नटबोल्टची.
येऊ दे. बोटं तशीही सकाळी वळत नाहीत.

परतताना फुंग-लानसाठी कांजी बांधून घेतली,
दुकानातल्या पोरानं पिशवी सैल दिली
म्हणून मीच गाठ मारली, चालता चालता, न बघता.
घरी पुई-शान टेबलाशी ती सोडवत बसली,
नखांनी, मग दातांनी.
शेवटी म्हणाली,
बाबा, कात्री कुठंय?